डिसेंबरातला वाळा

शालिक, तू पौषात गेलास.
धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच केलंस म्हणा.
आपला सीझन होळीनंतरचा,
तोवर तेरावं, बँकेतल्या सह्या, लाइटबिलावरचं नाव
सगळं उरकायला मला वेळ मिळाला.

गोळीबार चौकातला बोर्ड तसाच आहे,
निमजे अँड बारापात्रे, कूलरवाले.
पेंटरनं चुकून तुझं नाव आधी टाकलं
तर लाजेनं तू दोन दिवस दुकानात आला नाहीस.
तिसऱ्या दिवशी बोर्डाखाली उभा राहून म्हणालास,
'राहू दे बे. तुझं नाव लंबं आहे,
मागून धरून ठेवते.'

खरं तर मागून धरायचास तू.
पहिला कूलर पाचपावलीहून धरमपेठेत नेला, लुनावर.
मी पुढे, तू पाठीला पाठ लावून उलटा,
बाजारातून बोकड आणावा तशी
पत्र्याची पेटी पोटाशी आवळलेली.
तुला दिसत होतं फक्त मागे पडत चाललेलं नागपूर
आणि तरी ओरडत होतास,
'डावीकडून घे! डावीकडून घे ना बे!'
आपण चुकून सदरला पोचलो.
दोष तू तिथंच वाटून टाकलास,
आठ आणे तुझा, आठ आणे माझा.

भांडलोही.
फायबरच्या बॉडीवरून अकरा दिवस अबोला,
एकाच गल्ल्यावर, गुडघ्याला गुडघा लागत असताना.
'युसुफ, त्याला सांग पंप संपले.'
'युसुफ, त्याला सांग मला दिसते.'
अकराव्या दिवशी पारा सत्तेचाळीसवर,
आणि दुकानातला, आपला स्वतःचा कूलर बंद.
तू पान्हा घेऊन खाली बसलास.
मी बॅटरी धरली.
माफी कोणी मागितली ते आठवत नाही,
बहुतेक मोटरनंच.

आता वह्या माझ्याकडे आल्यात.
तुझे ते तिरके, घाईतले आकडे,
सातला टोपी, नऊला शेपटी.
आणि दर डिसेंबरात, दोन तारखेला
एक ओळ: 'वाळा, चार बंडल.'
चार वर्षं.
डिसेंबरात वाळा कोण घेते, शालिक?
गोदामात जाऊन मी बंडलं मोजली,
चोरी पकडल्यासारखा, एकटाच, कंदिलाएवढ्या उजेडात.
नव्हतीच ती कधी तिथं.

युसुफ रिवेट ठोकत होता.
हातोडी न थांबवता म्हणाला,
'रिझवानाच्या नर्सिंगची फी होती.
भाऊ म्हणाले, बारापात्रेले सांगू नको,
तो हो म्हणन, पण मंग
पोरीकडे पाह्यची त्याची नजर बदलन.'

राग आला.
मग घरी जाऊन अंघोळ केली आणि कळलं,
तू ओळखत होतास मला
माझ्या बायकोहून चार बोटं जास्त.
रिझवाना मेडिकलमध्ये सिस्टर आहे.
शेवटच्या रात्री तुझी सलाईन तिनंच बदलली होती,
आणि मी तिला 'ए पोरी, डॉक्टरला बोलाव' म्हणून ओरडलो होतो.
निम्मी फी माझी होती तर, न विचारता घेतलेली.
आठ आणे तुझे, आठ आणे माझे.

काल यंदाचा पहिला कूलर तयार झाला.
ताट्या बसवल्या, टाकीत पाणी सोडलं,
वाळा भिजला.
तो वास
नाकापर्यंत यायच्या आधी पाठीत शिरला.
तुझी टेस्टिंगची पद्धत पोरांना माहीत आहे:
जाळीला तोंड लावून गिऱ्हाइकाचं नाव पुकारायचं,
पात्यांनी त्याचे बारीक तुकडे केले
की म्हणायचं, 'पास!'

गिऱ्हाईक अजून कोणी नव्हतं.
मी वाकलो आणि तुझं नाव घेतलं.
आवाज थरथरत बाहेर आला,
शा-आ-आ-लि-इ-इक.
पोरं हसली.
त्यांना वाटलं, पंख्यामुळे.

युसुफनं मान वर केली नाही.
'पास,' तो म्हणाला,
आणि पुढचा पत्रा ओढला.